घाट चढत नाही म्हणून टर्बो बदलायचा?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने वसई-विरारकडे माल नेणाऱ्या आपल्या बांधवांना गायमुखच्या घाटाची ओळख करून देण्याची गरज नाही. गायमुख सोडले की चढ सुरू होतो, पुढे काजूपाडा लागतो, मग चेणे गाव येते आणि त्यानंतर फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर हा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी आणि मधून हा रस्ता. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतला माल आणि कापड, फर्निचर, भंगार, भाजी, स्टीलची भांडी भरलेल्या लहान पिकअप असे सगळे याच रस्त्यावर एकामागे एक सरकत असतात. चढावर एक गाडी बंद पडली की तासन्‌तास कोंडी होते.

काही महिन्यांपूर्वी चेणे येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अशाच एका पिकअपजवळ आम्ही थांबलो होतो. हौद्यात फरशीचे खोके रचलेले होते. गाडीचा मालक स्वतःच चालक होता. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ते अजून बरेच शिल्लक. त्याने सांगितले की गाडी घाटात दम सोडते, काळा धूर ओकते आणि पहिल्या गिअरशिवाय हलत नाही. एका गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला होता की मोठा टर्बो बसव, पंप थोडा वाढवून देतो, मग गाडी पळेल. खर्च चाळीस हजारांच्या घरात. पैसे पत्नीचे दागिने गहाण ठेवून उभे करायचे ठरले होते. "भाई, बसवू का?" असे त्याने आम्हाला विचारले.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मीरा रोड, भाईंदर, मुंब्रा, भिवंडी, नालासोपारा या पट्ट्यात एका पिकअपवर घर चालवणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. म्हणून या पानावर त्याची सविस्तर चर्चा करणे आम्हाला आवश्यक वाटते. आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगतो. खराब झालेला टर्बो बदलून कंपनीने दिलेल्याच मापाचा बसवावा, त्यात कसूर करू नये. परंतु अधिक वजन ओढण्यासाठी मोठा टर्बो बसवणे हा तोट्याचा धंदा आहे आणि तो तोटा शेवटी गाडीमालकाच्या अंगावर येतो.

टर्बो म्हणजे काय?

टर्बोविषयी बाजारात अनेक समजुती आहेत. म्हणून त्याचे काम आधी समजून घेऊ. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच शक्ती असते आणि ती सायलेन्सरवाटे वाया जाते. त्या धुराच्या झोताने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, एवढीच ही युक्ती. ती जहाजांच्या मोठ्या इंजिनांत वापरली गेली, मग ट्रकमध्ये आली आणि त्यानंतर लहान गाड्यांत.

आपल्याकडे २००५ मध्ये आलेल्या पहिल्या टाटा एसला, म्हणजे लोकांच्या 'छोटा हाथी'ला, टर्बो नव्हता. दोन सिलिंडर, सुमारे सातशे सी.सी. आणि सोळा हॉर्सपॉवर एवढ्या भांडवलावर त्या गाडीने असंख्य घरे पोसली. २०११ मध्ये आलेल्या अशोक लेलँडच्या 'दोस्त'ला टर्बो होता. महिंद्राच्या अडीच लिटरच्या बोलेरो पिकअपलाही आहे. आता डिझेलच्या बहुतेक पिकअप टर्बो घेऊनच कारखान्यातून बाहेर पडतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंजिनाची ताकद हवेतून येत नाही, डिझेलमधून येते. हवा फक्त ते डिझेल पुरते जाळण्यास मदत करते. त्यामुळे नुसता टर्बो मोठा केल्याने ताकद वाढत नाही, त्याबरोबर डिझेलही वाढवावे लागते. जुन्या गाड्यांत मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून हे करतात. नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल मोजतो, म्हणून त्याच्या आतील मोजमाप बदलतात. अधिक डिझेल म्हणजे अधिक उष्णता आणि अधिक दाब. हा भार पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग आणि क्रँक यांच्यावर पडतो. हे सगळे भाग कंपनीने ठरावीक भारासाठी बनवलेले असतात. टर्बो बदलला म्हणून ते बदलत नाहीत. आपल्याकडे म्हण आहे, नाकापेक्षा मोती जड. लहान इंजिनावर मोठा टर्बो म्हणजे तोच प्रकार.

घाटात मोठा टर्बो उलटा पडतो

मोठ्या टर्बोची शिफारस करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. पंखा जितका मोठा, तितका तो फिरवायला धूर अधिक लागतो. धूर अधिक हवा तर इंजिनाच्या फेऱ्या अधिक हव्यात. म्हणजे मोठा टर्बो उशिरा जागा होतो. मोकळ्या महामार्गावर, वरच्या गिअरमध्ये, त्याचा जोर जाणवतो. परंतु गायमुखच्या चढावर गाडी कशी चालते? पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पहिला किंवा दुसरा गिअर, दहा पावले पुढे आणि पुन्हा ब्रेक. तेथे इंजीन कमी फेऱ्यांवर असते. नेमक्या त्या ठिकाणी मोठा टर्बो झोपलेला असतो आणि पंप मात्र डिझेल ओतत असतो. परिणाम काय? काळा धूर अधिक, ओढ पूर्वीपेक्षा कमी आणि क्लच प्लेटचा जळका वास.

कंपनीचे अभियंते लहान टर्बो बसवतात तो पैसे वाचवण्यासाठी नव्हे. मालवाहू गाडीला कमी फेऱ्यांवर ओढ हवी असते, हे त्यांना माहीत असते. बोलेरो पिकअपचेच उदाहरण घ्या. तिच्या इंजिनाची सर्वाधिक ओढ साधारण १४०० फेऱ्यांपासूनच मिळू लागते. ही जुळणी बिघडवून घाटात फायदा होईल असे मानणे म्हणजे बैलाचे जू काढून त्याला शर्यतीच्या घोड्याचे खोगीर घालण्यासारखे आहे.

काही तरुण अमेरिकेचे उदाहरण देतात. तेथे पिकअपला मोठा टर्बो बसवण्याचा मोठा शौक आहे, हे खरे. पण तेथील डॉज पिकअपमध्ये १९८९ पासून येणारे कमिन्सचे इंजीन ५.९ लिटरचे होते, म्हणजे आपल्या पिकअपच्या दुपटीहून मोठे. शिवाय तेथेही हा शौक कायद्याच्या कचाट्यात सापडला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार, आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यात आली होती, आणि असे सामान विकणाऱ्यांवर त्या संस्थेने कारवाया केल्या. ज्याच्याकडे शौकासाठी पैसा आहे त्याची गोष्ट वेगळी. ज्याचे घर गाडीवर चालते त्याने त्याची नक्कल करू नये.

चढणे एक, उतरणे दुसरे

समजा, सगळे जुळून आले आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक वजन घेऊन घाट चढली. पुढे उतार आहे. टर्बो चढाला मदत करतो, उतारावर त्याचा काही उपयोग नाही. तेथे ब्रेक, टायर, एक्सल आणि कमानपाटे यांची परीक्षा असते आणि ते सगळे जुन्याच वजनासाठी बनवलेले आहेत. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरल्यावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले की ते तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. पावसाळ्यात या रस्त्यावर खड्डे आणि चिखल असतो, हे चेणे, काजूपाडा येथील रहिवासी दरवर्षी अनुभवतात. रस्त्याच्या कडेने शाळेची मुले चालतात, पाड्यांवरच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन जातात. ब्रेक सुटलेली गाडी कोणाच्या अंगावर जाईल हे कोणी सांगावे? पैशाचा तोटा भरून काढता येतो, माणूस परत आणता येत नाही.

कायदा आणि खर्चाचा हिशेब

आता कायद्याकडे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. लक्षात घ्या, येथे मालकाला धरले आहे. बदल मिस्त्रीने सुचवला, ही सबब चालत नाही. त्याच मापाचा टर्बो बसवणे हा मात्र बदल नाही, ती दुरुस्ती आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर शोषणारा फिल्टर आणि अनेक सेन्सर असतात. टर्बो आणि डिझेलचे माप बदलले की फिल्टर काजळीने तुंबतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. मग फिल्टरच काढून टाका असा पुढचा सल्ला येतो. एका चुकीतून दुसरी चूक निघते. कंपनीची वॉरंटी जाते, पी.यू.सी. अडते आणि अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलाचे कारण दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते. गाडी कर्जावर असेल तर गाडी गेली तरी हप्ता राहतो.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब मांडू. समजा, मोठ्या टर्बोच्या भरवशावर एका फेरीत तीन क्विंटल माल अधिक भरला आणि त्याचे तीनशे रुपये जादा मिळाले. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या तर साडेसात हजार रुपये झाले. ऐकायला बरे वाटते. पण कलम १९४ नुसार ओव्हरलोडचा दंड वीस हजार रुपये, त्यावर जादा प्रत्येक टनामागे दोन हजार आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एकदा गाडी काट्यावर सापडली की जवळजवळ तीन महिन्यांची जादा कमाई गेली. त्यात टर्बोचे चाळीस हजार मिळवा, लवकर झिजणारी क्लच प्लेट मिळवा, टायर आणि पाटे मिळवा, अधिक जळलेले डिझेल मिळवा. जी कमाई वहीत जमेच्या बाजूला दिसते ती खर्चाच्या बाजूने कधीच निघून गेलेली असते. फक्त खर्च एकदम येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही.

दोष एकट्या गाडीवाल्याचा नाही

येथे आम्हाला आपल्या व्यापारी बंधूंशीही चार शब्द बोलायचे आहेत. पिकअपवाला मोठ्या टर्बोचा विचार का करतो? कारण भाडे ठरवताना आपण म्हणतो, "एवढ्याच भाड्यात आणखी वीस खोके टाक, नाहीतर दुसरी गाडी बोलावतो." बाहेर दुसरी गाडी उभी असते आणि तिचाही हप्ता थकलेला असतो. मग हा मुकाट्याने खोके भरतो. अशा रीतीने आपण दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेतो आणि वाचलेले पैसे आपला नफा समजतो. वास्तविक ते पैसे त्याच्या इंजिनातून, त्याच्या टायरमधून आणि त्याच्या मुलांच्या फीमधून आलेले असतात.

कायदाही या बाबतीत केवळ चालकाला धरत नाही. ओव्हरलोड गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा यालाही तेच कलम लागू होते. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी मापात चोख राहणे ही व्यापाराची पहिली अट आहे. ती आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहे. माल विकताना माप पूर्ण द्यायचे आणि माल नेणाऱ्याला मात्र दीड टनाच्या भाड्यात अडीच टन द्यायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? बिलावर मालाचे खरे वजन लिहावे, गाडीच्या क्षमतेइतकाच माल भरावा आणि जास्त असेल तर दुसऱ्या फेरीचे भाडे द्यावे. बाजारातील दहा व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एवढे ठरवले तरी त्या बाजारातल्या गाडीवाल्यांना मोठ्या टर्बोची आठवण राहणार नाही.

मग गाडी का ओढत नाही?

क्षमतेइतके वजन असूनही गाडी घाटात दम सोडत असेल, तर ती आजारी आहे. आजाऱ्याला ताकदीचे इंजेक्शन देण्यापूर्वी आजार कोणता ते पाहावे. कमी खर्चाची तपासणी आधी, मोठ्या खर्चाची शेवटी, असा क्रम ठेवावा.

प्रथम गाडी काट्यावर चढवून वजन पाहावे. पुष्कळदा उत्तर तेथेच मिळते. मग एअर फिल्टर उघडावा. घोडबंदर रस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाईप हाताने चाचपून पाहावेत. फाटलेल्या होजमधून किंवा ढिल्या क्लिपमधून दाबलेली हवा निसटते, शिटीसारखा आवाज येतो आणि गाडी काळा धूर सोडते. हा दोष शंभरांत किंवा फार तर हजारांत दुरुस्त होतो. मग डिझेल फिल्टर, इंटरकूलरची जाळी, टायरमधली हवा, चाकाला चिकटून राहणारा ब्रेक आणि घसरणारी क्लच प्लेट पाहावी. नव्या गाडीला स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचावा. इंजेक्टर आणि पंप यानंतर. टर्बोचा क्रमांक सर्वांत शेवटी.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तेथे टर्बोची सील किंवा इंजिनाच्या रिंगा संशयित. इंजीन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे. टर्बोचा दांडा हाताने हलवून पाहिला असता पंखा कडेला घासत असेल, तर टर्बो खरोखर गेला असे समजावे.

टर्बो जातो तो बहुतेक ऑइलमुळे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल घाण झाले, कमी पडले किंवा बनावट निघाले की दांडा आणि बुश एकमेकांना खातात. म्हणून ऑइल वेळेवर, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे आणि खात्रीच्या दुकानातून घ्यावे. घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे इंजीन मंद चालू ठेवावे. तापलेल्या टर्बोतले ऑइल तेवढ्यात फिरून त्याला थंड करते. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर एकदम ॲक्सिलरेटर दाबू नये. या दोन सवयींना एक पैसा लागत नाही. आणि टर्बो बदलल्यावर, जुना का गेला याचे कारण न शोधता नवा बसवला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

कारागीर बांधवांना विनंती

गाड्यांची दुरुस्ती, लेथ, डेंटिंग-पेंटिंग, सुटे भाग या धंद्यांत आपल्या समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून भिवंडीपर्यंत त्यांच्या हातांची किंमत सर्वांना ठाऊक आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही नोकरीऐवजी स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिमांत अधिक असल्याचे नमूद आहे. म्हणजे आपल्या कारागिराजवळ पेन्शन नाही, युनियन नाही. त्याचे भांडवल म्हणजे हातातली कला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास. मोठा टर्बो विकून एकदा पाच-सात हजार मिळतात. पण सहा महिन्यांनी ते इंजीन बसले की ते गिऱ्हाईक जाते आणि त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीची चार गिऱ्हाइके जातात.

काही मिस्त्री आम्हाला म्हणतील की गिऱ्हाईकच हट्ट धरते, आम्ही नाही म्हटले तर शेजारचा बसवून देतो. यात तथ्य आहे. परंतु हट्ट धरणाऱ्याला वजनकाट्याची पावती मागावी, होज आणि फिल्टर उघडून दाखवावेत आणि तपासणीची मजुरी स्वतंत्र घ्यावी. आपल्याकडे तपासणी फुकट आणि कमाई फक्त सुटा भाग विकण्यात, ही रीतच चुकीची आहे. त्यामुळे प्रामाणिक निदान करणारा उपाशी राहतो आणि भाग खपवणारा पोट भरतो. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो, मग मिस्त्रीने का घेऊ नयेत? काय तपासले, काय बदलले, कोणत्या क्रमांकाचा भाग घातला हे बिलावर लिहून द्यावे. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

टर्बो दुरुस्तीचे कामही शिकून करण्यासारखे आहे. त्याचा दांडा आणि पंखे मशीनवर बॅलन्स करावे लागतात. अंदाजाने बसवलेला टर्बो फार दिवस टिकत नाही. स्कॅनर वापरता येणे ही तर आता निकड झाली आहे. आपल्या गॅरेजमधील मुलांना पाना धरायला शिकवतो तसे कोड वाचायलाही शिकवावे, जमेल त्याला आय.टी.आय.मध्ये पाठवावे. काळ थांबलेला नाही. टाटांनी २०२२ मध्ये एसची विजेवर चालणारी आवृत्ती आणली. तिला टर्बो नाही, पंप नाही, सायलेन्सरही नाही. केवळ स्क्रू फिरवण्यावर अवलंबून असलेल्याचे काम त्या दिवशी संपेल. निदान करणाऱ्याचे काम कोणत्याही गाडीत राहील.

आणखी एक गोष्ट कारागिरांच्या स्वतःच्या भल्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केली. पंप वाढवलेली गाडी बंद गॅरेजमध्ये रेस करून पाहिली जाते तेव्हा तो धूर सर्वांत आधी मिस्त्रीच्या आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या पोऱ्याच्या छातीत जातो.

त्या पिकअपचे काय झाले?

चेणे येथे भेटलेल्या त्या बांधवाला आम्ही एवढेच सांगितले की दागिने आठ दिवस घरातच राहू द्या, आधी गाडी काट्यावर न्या आणि दुसऱ्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा. पुढे तो पुन्हा भेटला. काट्यावर गाडीत क्षमतेपेक्षा सात क्विंटल माल अधिक निघाला. इंटरकूलरचा एक होज चिरलेला होता आणि एअर फिल्टर धुळीने भरलेला होता. होज आणि फिल्टर बदलून दोन हजारांच्या आत काम झाले. टर्बो तोच आहे. माल क्षमतेइतका असेल तर गाडी घाट चढते. मात्र ज्या दुकानाचा माल तो नेत असे, त्या दुकानदाराने कमी माल नेतो म्हणून दुसरी गाडी लावली. दोन महिने त्याची ओढाताण झाली, मग दुसरे गिऱ्हाईक मिळाले.

आम्हाला या गोष्टीतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याने गाडी दुरुस्त केली, कायदा पाळला, कर्ज टाळले आणि तरीही त्याचे काम गेले. खराब होज मिस्त्री बदलू शकतो. ही दुसरी बिघाड दुरुस्त करणे व्यापाऱ्याच्या हातात आहे. तेव्हा पुढच्या वेळी पिकअपवाला "शेठ, आता बास" असे म्हणाला, तर त्याला दुसऱ्या गाडीची धमकी देण्यापूर्वी आपण तिच्या हौद्याकडे आणि मग समोरच्या घाटाकडे एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.